होममेड फ्लाइट सिम्युलेटर: कॉकपिट पॅनेलला बॅकलाइट कसा द्यायचा?

रात्रीच्या लँडिंगचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. कॉकपिटमध्ये अंधार आणि पॅनेलवर फक्त अक्षरं उजळलेली. घरी सिम्युलेटर बांधणाऱ्या प्रत्येकाला हेच हवं असतं. माझं पहिलं पॅनेल मात्र गणपतीच्या डेकोरेशनसारखं दिसत होतं. मधे झगमगाट, कोपऱ्यात अंधार आणि कडांमधून प्रकाश बाहेर. मी आणखी ब्राइट एलईडी आणून लावले, तर प्रकार अजूनच बिघडला. तेव्हा कळलं की प्रकाश कधीच कमी पडत नव्हता. तो सारखा पसरवणं आणि नको तिथे अडवणं, हेच बॅकलाइटिंगचं खरं काम आहे.

बॅकलाइटिंग म्हणजे काय?

तुमच्या फोनची स्क्रीन एलसीडी असेल तर तिच्या मागेही बॅकलाइट आहे. एलईडी फक्त एका कडेला असतात. एक पारदर्शक प्लेट आणि त्यावरच्या डिफ्युजर शीट्स तो प्रकाश पूर्ण स्क्रीनभर पसरवतात. कॉकपिट पॅनेलमध्ये तत्त्व तेच, फक्त पुढे स्क्रीनऐवजी रंगवलेलं प्लास्टिक असतं. अक्षरांच्या जागी रंग काढलेला असतो, तिथूनच प्रकाश बाहेर येतो.

खऱ्या विमानात ही हौस नाही, गरज आहे. डोळ्यांना अंधाराला नीट सरावायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात आणि झगझगीत प्रकाश पडला की ती सवय लगेच मोडते. म्हणून स्विचची नावं वाचता येतील इतकाच, आणि कमी-जास्त करता येणारा प्रकाश दिला जातो. जुन्या विमानांच्या पॅनेलमध्ये त्यासाठी ५ व्होल्टचे बारीक बल्ब असायचे. तो पिवळसर रंग हवा असेल तर 'वॉर्म व्हाइट' एलईडी घ्या. 'कूल व्हाइट' निळसर दिसतो.

पॅनेल कसं बनवायचं?

साइनबोर्डवाल्याकडे मिळणारी ३ मिमी जाडीची दुधाळ ॲक्रिलिक शीट घ्या. पारदर्शक नको, कारण तिच्यातून एलईडीचे ठिपके सरळ दिसतात.

१. शीट मापात आणि स्विचच्या भोकांसह लेझरने कापून घ्या.
२. पुढची बाजू बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, म्हणजे रंग धरेल.
३. आधी काळ्या स्प्रे पेंटचे दोन-तीन पातळ हात द्या, मग वर पॅनेलचा मॅट रंग. नुसत्या करड्या रंगातून प्रकाश झिरपतो.
४. रंग पूर्ण वाळला की लेझरने अक्षरं कोरा. लेझरने फक्त रंग उडायला हवा, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर सेटिंग तपासा.
५. शीटच्या कडा आणि भोकांच्या आतल्या कडाही रंगवा. बहुतेक गळती तिथूनच होते.

एक इशारा: ॲक्रिलिकऐवजी पीव्हीसी शीट लेझरखाली कधीही ठेवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुफ्फुसांना घातक आहे आणि मशीनही गंजवतो.

प्रकाश सारखा कसा पसरवायचा?

सोपा नियम असा: दोन एलईडींमधलं अंतर हे एलईडी ते पॅनेल या अंतरापेक्षा जास्त नको. मीटरला ६० एलईडी असलेल्या पट्टीत दोन एलईडींमध्ये सुमारे १७ मिमी अंतर असतं. म्हणजे पट्टी पॅनेलच्या किमान १७ मिमी मागे हवी. पट्ट्या शेजारी-शेजारी लावताना त्यांच्यातही तेवढंच अंतर ठेवा. मागचा डबा आतून पांढरा रंगवा. स्विचच्या मागे सावली पडतेच, त्यामुळे स्विचच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश येईल अशी मांडणी करा.

वायरिंग

१२ व्होल्टची साधी पट्टी मीटरला सुमारे ४.८ वॅट घेते. ३ मीटर लावली तर १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा तयार ॲडॅप्टर पुरेसा आहे. घरातल्या २३० व्होल्टशी स्वतः खेळू नका.

आर्डुइनो उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच करंट घ्यावा. पट्टी थेट पिनला जोडली तर बोर्ड जळेल. मधे आयआरएलझेड४४एन सारखा लॉजिक-लेव्हल मॉस्फेट लावा:

- ॲडॅप्टरचा प्लस पट्टीच्या प्लसला
- पट्टीचा मायनस मॉस्फेटच्या ड्रेनला
- सोर्स ग्राउंडला
- आर्डुइनोची पीडब्ल्यूएम पिन २२० ओहमच्या रेझिस्टरमधून गेटला
- गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहम, म्हणजे बोर्ड सुरू होताना पॅनेल अचानक उजळणार नाही

ॲडॅप्टरचा मायनस आणि आर्डुइनोचा ग्राउंड एकमेकांना जोडायला विसरू नका. 'सगळं बरोबर आहे, तरी चालत नाही' याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

ब्राइटनेस कमी-जास्त करणं

पीडब्ल्यूएम म्हणजे एलईडी खूप वेगाने चालू-बंद करणं. चालू राहण्याचा वेळ वाढला की प्रकाश जास्त वाटतो. आर्डुइनोमध्ये ही व्हॅल्यू ० ते २५५ असते. पण गंमत अशी की १२८ दिली तरी डोळ्यांना प्रकाश निम्म्याहून बराच जास्त वाटतो. म्हणून नॉबची व्हॅल्यू ० ते १ मध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि मग २५५ ने गुणा. नॉब निम्म्यावर असेल तर ०.५ × ०.५ = ०.२५, म्हणजे व्हॅल्यू साधारण ६४. आता नॉब फिरवताना प्रकाश हळूहळू वाढतोय असं जाणवेल.

फोनने व्हिडिओ काढताना पॅनेलवर पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका. उनोच्या बहुतेक पिनांवर हे चालू-बंद सेकंदाला सुमारे ४९० वेळा होतं. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

सुरुवात कुठून करायची?

थेट बोइंग ७३७ चं अख्खं ओव्हरहेड पॅनेल करायला घेऊ नका. चार स्विचचं एक छोटं पॅनेल बनवा. ते रात्री, खोलीतला दिवा बंद करून, दहा मिनिटं थांबून तपासा. दिवसा सगळीच पॅनेल छान दिसतात. अंधारात फक्त अक्षरं दिसली, कडा दिसल्या नाहीत आणि डोळे दिपले नाहीत, तरच पुढची शीट कापायला द्या.