आधी रॅक, मग मशीन: डिशवॉशरच्या जन्माची गोष्ट

डिशवॉशर लावला, पण वाट्या आतून खरकट्याच निघाल्या, असं झालंय का कधी? मशीनला शिव्या घालण्याआधी त्याच्या जन्माची गोष्ट ऐका.

1850 मध्ये अमेरिकेत जोएल हॉटन यांनी लाकडी भांडी-धुणी यंत्राचं पेटंट घेतलं. हाताने चाक फिरवायचं, भांड्यांवर पाणी उडायचं. पण यंत्र काही चाललं नाही.

मग आल्या जोसेफिन कॉक्रन, इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलच्या. असं सांगतात, की नोकरांच्या हातून चिनी मातीच्या बशांचे टवके उडायचे, म्हणून बाई स्वतः धुवायला लागल्या आणि वैतागल्या. 1883 मध्ये नवरा वारला, मागे कर्ज ठेवून. आता हे यंत्र म्हणजे हौस नव्हती, पोटापाण्याचा प्रश्न होता.

आणि बाईंनी सुरुवात कशापासून केली? मोजमापापासून! ताटल्या, बशा, कप मोजले आणि प्रत्येकाच्या मापाचे तारेचे कप्पे केले. ते एका चाकावर बसवले, चाक तांब्याच्या हंड्यात ठेवलं. चाक फिरायचं आणि साबणाचं गरम पाणी जोरात भांड्यांवर यायचं. 28 डिसेंबर 1886 ला पेटंट मिळालं. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्राला बक्षीसही मिळालं. गिऱ्हाईक मात्र मुख्यतः हॉटेलं; तेवढं गरम पाणी तेव्हा घराघरात कुठे होतं?

यातली खरी गोम लक्षात आली का? घासणारा हात गेला, त्याची जागा पाण्याच्या माऱ्याने घेतली. हात वाटी उलटीसुलटी करून घासतो. पाणी फक्त समोर दिसेल तेवढंच धुतं. म्हणून भांडं कसं उभं आहे, यावरच सगळं ठरतं.

आजही तेच. ताटल्यांची खरकटी बाजू पाण्याच्या फवाऱ्याकडे. वाट्या पालथ्या, थोड्या तिरक्या. एकात एक मुळीच नाही. चमचे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून काट्यांमध्ये मिसळून ठेवा. सुरीचं टोक खाली. आणि कढईचा दांडा फिरत्या फवाऱ्याला अडत नाही ना, हे दार लावण्याआधी एकदा हाताने फिरवून बघा.

आपली सवय वाटीत वाटी रचण्याची. फडताळात ती चालते, मशीनमध्ये नाही. कॉक्रनबाईंनी 1886 मध्येच प्रत्येक बशीला स्वतःची जागा दिली होती. आपण निदान वाट्यांना तरी देऊया!