आगीत न जळणारा दृष्टान्त

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या दृष्टान्ताविषयी बोलत होतो. सामान्य माणूस आणि परीक्षक, दोघांनाही जे सारखंच मान्य असतं तो दृष्टान्त. धूर आणि अग्नीचा संबंध सांगताना आपण स्वयंपाकघराचं उदाहरण देतो, कारण चुलीबद्दल कुणी भांडत नाही. आज असा एक दृष्टान्त पाहू, जो शेकडो वर्षं बहुतेकांना मान्य होता आणि तरी खोटा होता. तो म्हणजे सॅलमँडर.

हा प्राणी दिसायला पालीसारखा, पण गोत्र बेडकाचं. उभयचर. अंगावर खवले नाहीत, त्वचा ओलसर. दार्जिलिंगकडे तो आढळतो, आपल्या सह्याद्रीत नाही. म्हणून मराठीत त्याला घरचं नाव नाही. युरोपातला काळा-पिवळा सॅलमँडर ओलाव्याला लाकडाच्या ओंडक्यात दडून बसतो. ओंडका शेकोटीत पडला की बिचारा जिवाच्या आकांताने बाहेर पळतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, हा आगीतच राहतो! समजुतीचं मूळ बहुधा इथेच असावं.

ॲरिस्टॉटल लिहितो की आगीने नष्ट न होणारे प्राणी असतात, आणि पुरावा म्हणून सॅलमँडर देतो. तो आगीतून चालतो आणि आग विझवतो, 'असं म्हणतात'. हे 'असं म्हणतात' लक्षात ठेवा. प्लिनीची गंमत आणखी वेगळी. एका ठिकाणी तो सांगतो की हा प्राणी बर्फासारखा थंड, स्पर्शानेच आग विझवतो. पुढे दुसऱ्या खंडात तोच म्हणतो, हे खरं असतं तर रोमने एव्हाना करून पाहिलं नसतं का?

आता संत ऑगस्टीनकडे येऊ, कारण इथे काहीतरी पणाला लागलं आहे. नरकाच्या आगीत देह जळत राहील पण संपणार नाही, हे त्याला सिद्ध करायचं आहे. त्यासाठी तो सॅलमँडर पुढे करतो, 'लिहिणाऱ्यांनी खरं लिहिलं असेल तर' एवढी सावध पुस्ती जोडून. त्याच प्रकरणात मोराचं मांस सडत नाही असाही दाखला आहे. आणि तो मात्र त्याने स्वतः कार्थेजमध्ये पाहिला होता! मांसाचा तुकडा ठेवायला सांगितला, वर्षभराने बघितला, थोडा सुकून आक्रसला होता इतकंच. म्हणजे पारखायची सवय या माणसाला होती. सॅलमँडर मात्र पुस्तकातूनच आला. आम्हाला ऑगस्टीनचा राग येत नाही. आम्हीही वर्गात असे कितीतरी दाखले न तपासता दिले आहेत.

पुढे नाव फोफावलं. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने अग्नितत्त्वाच्या भूतांना ते दिलं. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने ते राजचिन्ह केलं. शांबोरच्या महालात ते जागोजागी कोरलेलं आहे. फारसी काव्यात आगीत राहणारा हा जीव 'समंदर' झाला. (हिंदी गाण्यांतला समंदर निराळा, तो आपला समुद्र.) हॉटेलात पदार्थाला वरून खरपूस रंग आणणारी भट्टी, तीही सॅलमँडर. चेल्लिनी हा शिल्पकार आत्मचरित्रात सांगतो की तो पाच वर्षांचा असताना वडिलांनी शेकोटीतला सॅलमँडर दाखवला आणि फाडकन कानशिलात दिली. का? तर हे दृश्य जन्मभर आठवावं म्हणून. मग रडणाऱ्या पोराची समजूत काढून हातावर पैसे ठेवले. शब्दप्रमाण पक्कं करायची ही रीत आपल्याही घरांत अगदीच अनोळखी नाही.

गाठ सोडवली ती मार्को पोलोने. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्याने सांगितलं, सॅलमँडर हा प्राणीच नव्हे, ती डोंगरातून खणून काढलेली वस्तू आहे. कुटायची, धुवायची, तंतू काढून विणायचे. कापड मळलं की आगीत टाकायचं, पांढरंशुभ्र होऊन बाहेर येतं. हे ॲस्बेस्टॉस. पण प्राण्याचं नाव दगडाला कायम राहिलं, आणि न जळणाऱ्या कापडाला लोक सॅलमँडरची लोकर म्हणत राहिले.

ती लोकर आपल्या फार जवळची आहे. सिमेंटचे पत्रे म्हणतो ना आपण, त्यांत हेच तंतू. ते श्वासातून गेले की फुप्फुसाचे रोग होतात, कर्करोगही. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे तंतू बाहेरून येतो आणि पत्रे बनतात. आम्ही लहानपणी अशाच पत्र्याखाली झोपलो. पावसाळ्याआधी पत्र्याला भोकं पाडून हूक बसवत, तेव्हा पांढरी भुकटी अंथरुणावर पडायची, आणि आम्ही पोरं ती फुंकून उडवायचो.