‘माझा प्रवास’ या ग्रंथाचा प्रवास

वागळे इस्टेटच्या कारखान्यांत ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी आयुष्य वेचले, अशी आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबे मूळची कोकणातली. पेण तालुक्यातील वरसई हे गाव त्यांना सहज परिचित असेल. त्याच वरसईचे विष्णुभट गोडसे व कल्याणचे भारताचार्य चिंतामणराव वैद्य या दोघांमुळे मराठीला ‘माझा प्रवास’ हा अमोल ग्रंथ लाभला. त्याच्या छपाईची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती येथे थोडक्यात सांगण्याचा मानस आहे.

घरचे कर्ज फिटावे या आशेने विष्णुभट १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार व तेथे भरघोस दक्षिणा मिळणार, अशी वार्ता होती. परंतु वाटेतच बंडाचा वणवा पेटला. १८५८ साली झांशीस वेढा पडला तेव्हा विष्णुभट शहरातच होते. तेथील लूट व कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. अखेर द्रव्य गेले, आणि गंगोदकाची कावड तेवढी खांद्यावर घेऊन ते घरी परतले.

गोडसे हे वैद्यांच्या घराण्याचे उपाध्याय. त्यांच्या तोंडच्या हकीकती ऐकून, ऐन विशीतल्या चिंतामणरावांनी त्या लिहून काढण्याचा आग्रह धरला. त्याप्रमाणे १८८३ च्या सुमारास वृत्तांत लिहून झाला. तथापि बंडाविषयी असे काही छापणे त्या राजवटीत निर्धोक नव्हते. हस्तलिखित वर्षानुवर्षे तसेच राहिले आणि १९०७ साली वैद्यांनी ते प्रथम प्रसिद्ध केले.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. वैद्यांनी छापले ते गोडश्यांचे लेखन जसेच्या तसे नव्हते. भिक्षुकाच्या बोलत्या भाषेला त्यांनी नव्या ग्रंथिक मराठीचे वळण दिले, काही मजकूर गाळला, काही फिरविला. काळ पाहता त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल; त्यांनी आग्रह धरला नसता तर ग्रंथच जन्मास आला नसता. पण परिणाम असा झाला की, पुढील जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने जे वाचले, त्यात गोडश्यांचा आवाज वैद्यांच्या लेखणीतून गाळून आलेला होता.

सुदैवाने मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली त्यावरून मूळ पाठ प्रसिद्ध केला, तेव्हा लेखनानंतर ८३ वर्षांनी वरसईच्या भटजींचे स्वतःचे शब्द वाचकांपुढे आले. ग्रंथ विकत घेताना वा ग्रंथालयातून आणताना तो कोणत्या पाठावरून छापला आहे, हे म्हणूनच पाहून घ्यावे.

या कथेचा बोध आपल्या घरापर्यंत येतो. आपल्याही ट्रंकांत आजोबांच्या वह्या, जमाखर्च, तीर्थयात्रेची टिपणे पडून असतील. त्यांची स्वच्छ नक्कल जरूर करावी, शुद्धलेखनही सुधारावे. परंतु नक्कल झाली म्हणून मूळ वही रद्दीत घालू नये. वैद्यांनी गोडश्यांचा मजकूर बदलला खरा, पण मूळ कागद नष्ट केले नाहीत. पोतदारांना पुढचे काम करता आले ते त्यामुळेच. आपल्या नातवंडांसाठी एवढी वाट आपणही मोकळी ठेवावी, ही सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती.