पोर्टलंड स्वच्छ ऊर्जा निधी
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड नगराने लोकसंस्थांच्या हवामानविषयक कार्यास अनुदान देण्यासाठी उभारलेला निधी. त्याचा उगम नगरसभेच्या ठरावात नसून नोव्हेंबर 2018 च्या सार्वमतात आहे, आणि हेच त्याचे खरे वैशिष्ट्य होय. कारण सरकारी तिजोरीकडे हात न पसरता, देशभरात 100 कोटी डॉलरांहून अधिक आणि नगरात किमान 5 लाख डॉलर विक्री असणाऱ्या बड्या किरकोळ व्यापाऱ्यांवर 1 टक्का अधिभार बसवावा, मात्र किराणा व औषधे त्यातून वगळावीत, असा कौल नागरिकांनीच दिला. अर्जांची छाननी नागरिकांची समिती करते. अंतिम मंजुरी नगरसभेची असते. अल्प उत्पन्नाची व कृष्णवर्णीयादी वंचित कुटुंबे हे अनुदानाचे मुख्य लाभार्थी असून घरांचे उष्णतारोधन, सौरपट्ट, वृक्षारोपण व रोजगारशिक्षण यांवर खर्च होतो. जून 2021 च्या उष्णलाटेत नगराचे तापमान 46 अंश सेल्सियसपार गेले आणि वातानुकूलनाविना राहणारे अनेक वृद्ध घरातच दगावले. तेव्हापासून गरजूंच्या घरी शीतयंत्रे विनामूल्य बसवून देण्याची तरतूद झाली. ही या निधीची सर्वांत सार्थ योजना म्हणावी लागेल. हिशेब व देखरेख यांतील उणिवांवर नगराच्याच लेखापरीक्षकांनी 2022 मध्ये बोट ठेवले, ते रास्तच होते. वसुली मात्र अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक झाली, आणि 2023 मध्ये 5 वर्षांसाठी 75 कोटी डॉलरांची योजना संमत झाली.