निजामकालीन करमणूक : उमरी व नांदेड–लातूर परिसर

उमरी आणि भोवतालचा नांदेड–लातूरचा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे. इंग्रजांची सत्ता येथे थेट नव्हती, ती हैदराबादच्या रेसिडेन्सीमार्फत जाणवे. त्यामुळे मुंबई–पुण्याकडे इंग्रजी अमलाबरोबर आलेले जिमखाने, क्लब आणि रविवारची सुट्टी या खेड्यांत पोचली नाहीत. सरकारी कचेऱ्या शुक्रवारी बंद असत आणि दप्तरात फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, चाले. शेतकऱ्याला मात्र ना शुक्रवार होता ना रविवार. त्याची सवड तिथीने आणि पिकाने ठरे.

सगळ्यांच्या वाट्याला सवड सारखी येत नसे. पाडव्याला सालाने राहिलेल्या सालगड्याला पोळा आणि येळवस (वेळ अमावास्या) असे मोजके दिवसच मोकळे मिळत. जत्रेत हलगी वाजवणारे, दोरावर चालणारे डोंबारी, दारोदार फिरणारे बहुरूपी, वासुदेव, नंदीबैलवाले आणि पोतराज यांच्यासाठी गावाची करमणूक हाच पोटाचा धंदा होता. या काळातल्या मौजेचे वर्णन करताना ही माणसे बहुधा गाळली जातात. वास्तविक, त्यांच्यावाचून एकही जत्रा उभी राहत नसे.

पावसाळ्यात झड लागली की शेतात पाय ठेवता येत नसे. अशा वेळी माणसे देवळात किंवा वाड्याच्या ढाळजेत जमत. चातुर्मासात हरिविजय, पांडवप्रताप, नवनाथ भक्तिसार अशा पोथ्या लावल्या जात. वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा आणि ऐकणारे पंचवीस-तीस अशी ती बैठक असे. ऐकणाऱ्यांचे हात रिकामे नसत. कोणी अंबाडीच्या वाखाचे दोर वळी, कोणी बैलांसाठी कासरे आणि मुसक्या करी. पोळा जवळ आला की याच बैठकीत बैलांना सजवायचे गोंडे आणि माटाट्या तयार होत. येथे काम आणि विरंगुळा यांच्यात रेघ ओढता येत नाही. अध्याय संपला तरी दोर अर्धवट राहिला म्हणून माणसे बसून राहत आणि बोलणे पुढे चाले.

वर्षातला एक मोठा मोकळा काळ मार्गशीर्षाच्या अखेरीस येई. खरिपाची रास घरात आलेली असे, रब्बीची ज्वारी रानात उभी असे. लातूर, उदगीर, निलंगा आणि कंधारकडच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या, म्हणजे येळवस, साजरी होई व आजही होते. त्या दिवशी गाव ओस पडते आणि रान भरते. कडब्याची कोप करून तिच्यात पाच पांडव म्हणून दगड मांडतात. मातीच्या बिंदग्यात ज्वारीचे पीठ आणि ताक यांचे आंबट अंबील असते. हरभरा, तूर, वाटाणा यांचे ओले दाणे बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर हे जेवण ओळखीच्या-अनोळखीच्या सर्वांना वाढले जाते. ज्याला शेत नाही तोही कोणाच्या तरी कोपीवर जेवतो.

याच अमावास्येच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, उंट, गाढवे आणि बैल यांचा बाजार हा तिचा कणा. त्याच्या भोवती तमाशाचे फड, वाघ्या-मुरळीचे जागरण, कुस्त्या आणि मिठाईची पाले उभी राहत. माणसे बैलगाडीत कडबा आणि शिदोरी घालून येत आणि रात्री गाडीखालीच झोपत. जनावर विकायला आलेला शेतकरी दिवसभर सौदा करी आणि रात्र लावणीच्या बारीपुढे काढी. कुस्त्यांची सुरुवात पोरांच्या नारळावरच्या लढतींनी होई. हलगीचा ठेका चढत जाई तसे मोठे मल्ल फडात उतरत आणि शेवटच्या कुस्तीला फेटा किंवा कडे बक्षीस असे. लातूरची सिद्धेश्वराची महाशिवरात्रीची जत्रा आणि माहूरचे नवरात्र हेही असेच घराबाहेर पडण्याचे मुहूर्त होते.

मोहरम, उरूस आणि कव्वाली ही केवळ मुसलमानांची करमणूक नव्हती. मोहरमात सवाऱ्या (पंजे) बसत, अलाव्याभोवती (पेटत्या खड्ड्याभोवती) माणसे नाचत, अंगावर पट्टे रंगवून वाघ निघत आणि नवसाने पोरांना फकीर केले जाई. या सगळ्यात हिंदू घरे भाग घेत. कंधारला हाजी सय्याह यांच्या दर्ग्याचा उरूस भरे. उर्दू शिकलेल्या वकील-कारकुनांच्या बैठकींत मुशायऱ्याची आवड रुजली होती. नांदेडला दसरा आणि होळीला गुरुद्वाऱ्यातून निघणारा हल्ला (शिखांची मिरवणूक) पाहण्यासाठी आसपासच्या गावांतून लोक जात.

बायकांची सवड वेगळीच होती आणि अगदी थोडी होती. पहाटेचे जाते हे काम होते, पण सुखदुःख मोकळे करण्याची जागाही तीच होती. नागपंचमीला माहेरी आलेल्या मुली लिंबाच्या फांदीला झोका बांधत आणि रात्री फेर धरून भुलईची गाणी म्हणत. धर्माबाद, बिलोली आणि किनवटकडच्या तेलुगू घरांत नवरात्राच्या दिवसांत फुलांची बतुकम्मा रचली जाई. दुपारी वाकळ शिवताना चार जणी एकत्र बसत, तर पोरी गजगे खेळत. मुलग्यांसाठी विटीदांडू, हुतुतू आणि सूरपारंब्या होत्या. म्हाताऱ्यांच्या वाघबकरीचा पट अनेक देवळांच्या ओट्यावर कोरलेला सापडतो.

उमरीच्या परिसरात कीर्तनाला विशेष मान होता. दासगणू महाराज (1868–1962) यांचे नांदेडला दीर्घकाळ वास्तव्य होते आणि उमरीजवळच्या गोरटे येथे त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान आहे. पोलीस खात्यातली नोकरी सोडून ते कीर्तनाकडे वळले. शिर्डीच्या साईबाबांनी सांगितल्यावरून त्यांनी अंगरखा, उपरणे आणि फेटा टाकला. उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊन ते उभे राहत. संतचरित्रांवरची त्यांची आख्याने अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पाठ होत. नाटकगृह आणि छापील पुस्तक दुर्मीळ असलेल्या मुलखात कथा, गाणे आणि विनोद ही तिन्ही एका माणसाच्या तोंडून मिळत. कीर्तनाची ही जागा दुसऱ्या कोणत्याही प्रकाराला भरून काढता आली नाही.

1900 च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि उमरी रेल्वेवरचे गाव झाले. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरला पोचली. गाडीची वेळ झाली की स्थानकावर जाऊन बसणे, हीच एक करमणूक झाली. नांदेडच्या उस्मानशाही मिलमुळे भोंग्याने बांधलेला दिवस आणि पगाराची सुट्टी असलेला कामगारवर्ग तयार झाला. 1935 मध्ये संस्थानाने हाती घेतलेला डेक्कन रेडिओ मात्र मोजक्या घरांतच वाजे.

संस्थानात एकत्र जमणे ही साधी गोष्ट नव्हती. निजाम सरकारच्या गश्ती (परिपत्रक) क्रमांक 53 प्रमाणे सभेला आधी परवानगी लागे. आखाड्यांवर आणि खासगी शाळांवरही बंधने होती. त्यामुळे भजन, तालीम, गणेशोत्सवातला मेळा आणि वाचनालय यांना वेगळेच वजन आले. परभणीचे गणेश वाचनालय 1901 पासून चालू होते. तेथे वर्तमानपत्र वाचणे हे नुसते वेळ घालवणे नव्हते. उदगीरमध्ये भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल यांनी आर्य समाजाच्या कामातून तरुणांना एकत्र आणले. 1938–39 च्या आर्य सत्याग्रहाच्या तक्रारींत आखाड्यांवरील बंदीचा प्रश्नही होता. श्यामलाल यांचा 1938 मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला.

संध्याकाळची शिंदी हाही कष्टकऱ्यांचा विरंगुळा होता, विशेषतः तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात. आबकारी हे निजाम सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. म्हणूनच निजामाच्या राजवटीविरुद्धच्या 1947 च्या लढ्यात शिंदीची झाडे तोडणे हा करोडगिरी (जकात) नाक्यांवरील हल्ल्यांइतकाच महत्त्वाचा कार्यक्रम ठरला.

30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. त्या वर्षी निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या दहशतीमुळे असंख्य कुटुंबे सरहद्दीपलीकडे गेली आणि मागे राहिलेल्यांना रात्री एकत्र बसणे धोक्याचे झाले. सप्टेंबरमधील भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंतर सभेसाठी परवानगीची अट गेली आणि कचेऱ्यांची शुक्रवारची सुट्टी रविवारी आली. माळेगावचा बाजार मात्र त्याच वद्य चतुर्दशीला भरत राहिला.