शकुंतला की एस.टी.?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोन माणसं प्रवासाविषयी बोलायला बसली, की शकुंतलेचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. "शकुंतला परत सुरू व्हायला पाहिजे," असं एक जण म्हणतो आणि दुसरा मान डोलावतो. ती गाडी मलाही आवडायची. पण आवड निराळी आणि हिशेब निराळा. लहान गावाला लहान रेल्वे बरी की वरचेवर सुटणारी बस बरी, असा प्रश्न हल्ली ठिकठिकाणी विचारला जातो. आमच्याकडे त्याचा प्रयोग जवळजवळ शंभर वर्षं चालला. त्याचा निकाल मात्र कोणी शांतपणे वाचलेला दिसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

थोडं मागे जाऊ. जी.आय.पी. कंपनीचा लोहमार्ग मुंबईहून निघून 1867 मध्ये नागपूरला पोचला. मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा ही गावं त्याच्यावर आली. यवतमाळ बाजूला राहिलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून (1861-65) वऱ्हाडच्या कापसावर मँचेस्टरच्या गिरण्यांचा डोळा होताच. तो कापूस मुख्य मार्गापर्यंत आणायचा, तर बैलगाडीला दिवस लागायचे. त्यावर उपाय म्हणून किलिक निक्सन या कंपनीच्या पुढाकारानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे आली. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, आणि पुढे मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर. तीच आपली शकुंतला.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. यवतमाळहून मुख्य मार्गावर जायला जवळचं स्टेशन धामणगाव. सडकेनं सुमारे 45 किलोमीटर. मग रूळ 113 किलोमीटर लांबच्या मूर्तिजापूरला का नेले? वाटेतली गावं पाहिली की उत्तर मिळतं. दारव्हा आणि कारंजा, दोन्ही कापसाच्या बाजारपेठा. मार्ग कापसाच्या गठाणींच्या सोयीनं आखला होता. माणसं त्यात सोबतीला बसली, इतकंच. गठाणीला घाई नसते. माणसाला असते.

म्हणूनच मोटार येताच चित्र पालटलं. तासाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या चालीनं शकुंतला मूर्तिजापूरला पोचायला सहा-सात तास घ्यायची. तेवढ्या वेळात यवतमाळचा माणूस बसनं धामणगाव गाठून, मोठी गाडी पकडून कितीतरी पुढे गेलेला असायचा. ही काही आमच्या एकट्याची गोष्ट नव्हे. 1930 नंतर मोटारींनी रेल्वेचे उतारू पळवायला सुरुवात केली, तेव्हा इंग्रज सरकारनं मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना देशभर त्याचा अभ्यास करायला लावलं होतं.

एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर धावली. विदर्भ 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. पुढच्या दोन-तीन दशकांत रस्ते झाले, तसतशी एस.टी. आमच्या खेड्यापाड्यांत शिरली. तिनं शकुंतलेला वेगानं हरवलं असं लोक मानतात. मला वाटतं, तिनं फेऱ्यांनी हरवलं. शकुंतला दिवसातून एकदा जायची. ती चुकली की दिवस गेला. बस चुकली तर फाट्यावर बसून राहायचं, दुसरी येतेच. शिवाय रूळ असतील तिथेच रेल्वे जाणार. बसला मात्र नव्या शाळेकडे, नव्या बाजाराकडे वळता येतं.

रेल्वेच्या बाजूनं बोलण्यासारखंही बरंच आहे. तिकीट अगदी स्वस्त होतं. टोपली, पोतं, दुधाची बरणी असं काहीही घेऊन गरीब माणूस चढू शकत होता. पण रूळ सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे या खासगी कंपनीचे, आणि गाडी चालवणार आधी जी.आय.पी. अन् 1951 पासून मध्य रेल्वे. दोन मालकांच्या घरात कौल कोणी शाकारायचे? 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत इथे राबलं. नंतर डिझेल इंजिन आलं, रूळ मात्र तसेच राहिले. अखेर यवतमाळची गाडी थांबली, मागाहून अचलपूरचीही.

छोटी रेल्वे मुळातच वाईट, असं मात्र नाही. 1897 मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे याच अडीच फुटी रुळांची. ती 1906 मध्ये पंढरपूरला पोचली आणि तिथे शोभली. आषाढी-कार्तिकीला हजारो माणसं एकाच गावी निघतात, तिथे रुळांसारखं साधन नाही. पुढे ती ब्रॉडगेज झाली म्हणून आजही जिवंत आहे. गर्दी मोठी आणि एकाच वाटेची असेल, तर रेल्वे हवी. माणसं दहा दिशांनी थोडीथोडी येणार असतील, तर बस हवी. आमचा जिल्हा दुसऱ्या प्रकारचा आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण निराळंच. शकुंतला बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत लेख आले, निवेदनं दिली गेली, लोक हळहळले. एखाद्या खेड्याची सकाळची बसफेरी बंद होते, तेव्हा कोणी हळहळत नाही. मी वर्गावर होतो तेव्हा एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहिली. ज्या गावाची फेरी शाळेच्या वेळेला होती, त्या गावच्या मुली दहावीच्या पुढे शिकल्या. जिथे फेरी नव्हती, तिथल्या मुलींची नावं आठवीनंतर हजेरीपटावरून गळू लागायची. मुलींना मोफत पास मिळतो, ही फार चांगली गोष्ट आहे. पण पास दाखवायला गाडी तर यायला हवी! 2021-22 च्या लांबलेल्या एस.टी. संपात याची चव सगळ्या महाराष्ट्रानं घेतली.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा मोठा मार्ग होतो आहे. 28 फेब्रुवारी 2024 रोजी त्यातल्या वर्धा-कळंब टप्प्याचं उद्घाटन झालं, आणि चिंतामणीचं कळंब रेल्वेच्या नकाशावर आलं. आनंदच आहे. लांबच्या प्रवासाला रेल्वे हवीच. पण दर्शनाला आलेला भाविक असो की औषधासाठी निघालेली म्हातारी, स्टेशनातून बाहेर पडल्यावर पुढची एस.टी. किती मिनिटांत आहे, यावरच त्या रेल्वेचा उपयोग ठरणार. गाडी आली आणि बस अर्ध्या तासापूर्वीच निघून गेली, असं रोज घडू लागलं, तर लोक पुन्हा स्वतःच्या मोटारसायकली काढतील.

तेव्हा शकुंतलेसाठी निवेदन जरूर द्या, मीही सही करीन. फक्त त्याच कागदावर खाली आपल्या गावाला बसच्या किती फेऱ्या होत्या आणि आज किती उरल्या, तेवढंही लिहा.