रक्ती हगवण : कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिसचे विवेचन

कुक्कुटपालक ज्याला रक्ती हगवण म्हणतात, तो कॉक्सिडिओसिस आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो. कोंबडीत त्याच्या 7 जाती फार पूर्वीपासून ज्ञात आहेत. त्या कोंबडीखेरीज माणसाला किंवा गुराढोरांना बाधत नाहीत.

जीवनचक्र : बाधित पक्ष्याच्या विष्ठेतून जाड कवचाचे ऊसिस्ट बाहेर पडतात. ते लगेच संसर्गक्षम नसतात. ओल, ऊब आणि प्राणवायू मिळाला की एक-दोन दिवसांत प्रत्येकात 8 बीजाणू तयार होतात. पिल्लाने टिपलेल्या दाण्याबरोबर असे ऊसिस्ट पोटात गेले की पेषणीत कवच फुटते, बीजाणू आतड्याच्या पेशींत शिरतात आणि तेथे वाढून पेशी फोडतात. आठवडाभरात एका ऊसिस्टचे हजारो होतात.

स्थान व लक्षणे : प्रत्येक जातीची जागा ठरलेली असते. आयमेरिया ॲसर्व्हुलिना आतड्याच्या वरच्या भागात पांढरे आडवे पट्टे उमटवते. वाढ खुंटते, खाद्य वाया जाते, पण रक्त दिसत नाही. आयमेरिया टेनेला आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन अंधनालांत वाढते. मेलेले पिल्लू उघडले तर त्या फुगून गडद लाल झालेल्या, रक्ताने व गुठळ्यांनी भरलेल्या दिसतात. पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसणारी, तुरा फिका पडलेली पिल्ले याच जातीने बाधलेली असतात.

निदान : विष्ठेत ऊसिस्ट सापडले म्हणजे रोग आहेच असे नाही, उलट ते सापडण्याआधीच पिल्ले मरू शकतात. म्हणून शवविच्छेदन महत्त्वाचे.

प्रतिकारशक्ती : थोडे ऊसिस्ट वारंवार पोटात गेले तर पक्षी त्या जातीपुरता प्रतिकारक्षम होतो, एकदम भरमसाट गेले तर आजारी पडतो. सौम्य ऊसिस्ट देऊन केलेले लसीकरण याच तत्त्वावर चालते. मात्र एका जातीची प्रतिकारशक्ती दुसरीपासून वाचवत नाही.

उपचार व प्रतिबंध : ॲम्प्रोलियम हे थायमिनशी साधर्म्य असलेले औषध परजीवीला ते जीवनसत्त्व मिळू देत नाही. म्हणून ते चालू असताना पाण्यातून ब-जीवनसत्त्वांची मात्रा देणे म्हणजे औषधाचाच परिणाम मारणे. एकच औषध वर्षानुवर्षे दिल्यास परजीवी त्याला दाद देईनासा होतो. नेहमीची बरीच जंतुनाशके ऊसिस्टचे कवच भेदू शकत नाहीत. कोरडेपणा आणि तीव्र उष्णता मात्र त्यांना सोसत नाही.

शेडमधून हा परजीवी समूळ घालवणे जवळजवळ अशक्य आहे. पोटात जाणारी त्याची संख्या कमी ठेवणे शक्य आहे, आणि ते औषधाच्या बाटलीपेक्षा शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर अधिक अवलंबून आहे. गळके पाणीभांडे त्याच दिवशी दुरुस्त करावे, त्याखालचे ओले तूस काढून टाकावे, उरलेले खालीवर करून सुकवावे आणि शेडमध्ये दाटी होऊ देऊ नये. पावसाळ्यात तर यात एक दिवसाचीही चालढकल परवडणारी नाही.